छोट्या लाइनची छायाचित्रे

आपल्या मराठी घरांत कागदपत्रे सहसा नीट जपलेली असतात. पत्रिका, खरेदीखते, शाळा सोडल्याचे दाखले, एखादी जुनी सनद, हे सारे कापडात बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेले असते. छायाचित्रांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात किंवा लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात पडून असतात आणि त्यांतील बहुतेकांच्या पाठीवर एक अक्षरही लिहिलेले नसते. ज्यांनी ती काढली त्यांना लिहिण्याची गरज वाटली नाही, कारण त्यांना सारेच ठाऊक होते. ज्यांना आज ठाऊक नाही, त्यांनी विचारावे अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

गेली दोन वर्षे आमच्या मंडळातील सात-आठ सभासद रविवारी सकाळी एकत्र बसून अशी छायाचित्रे पाहत आहोत. विषय एकच ठेवला आहे : रेल्वे, आणि त्यातही आपली ‘छोटी लाइन’, म्हणजे इंदूरवरून महू, खंडवा आणि पुढे अकोल्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग. आमच्यात एक भूलतज्ज्ञ, एक अस्थिरोगतज्ज्ञ, दोन निवृत्त सर्वसाधारण चिकित्सक, एक दंतवैद्य आणि प्रस्तुत लेखकासारखा बालरोगतज्ज्ञ आहे. रेल्वेचे जाणकार म्हणावे असे कोणीच नाही. तरीही हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे असा आमचा अनुभव आहे. या लेखात तो अनुभव मांडून वाचकांना एक विनंती करावयाची आहे.

होळकरांची रेल्वे

ही छायाचित्रे कशाची आहेत हे समजण्यासाठी मार्गाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळवरून खंडव्यास आली आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग सुरू झाला. इंदूर मात्र त्या मार्गापासून दूर, विंध्याच्या माथ्यावर होते. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. व्याजाचा दर साडेचार टक्के आणि मुदत एकशे एक वर्षांची! संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे आणि आपल्या राजधानीत आगगाडी आणावी, ही गोष्ट आजही विचार करण्यासारखी आहे. खंडवा ते सनावद हा पहिला टप्पा डिसेंबर १८७४ मध्ये सुरू झाला, नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये झाला आणि घाट चढून गाडी १८७७-७८ च्या सुमारास इंदूरला पोहोचली. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पूर्वरूप असलेले वैद्यकीय विद्यालयही १८७८ चेच, हा योगायोग आपणा डॉक्टर मंडळींना आवडावा.

‘होळकर स्टेट रेल्वे’ पुढे राजपुताना-माळवा रेल्वेत गेली, त्यानंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडे आली आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वेचा भाग झाली. खंडव्याच्या दक्षिणेस अकोला-हिंगोलीकडे जाणारा जोडमार्ग १९६० च्या सुमारास पूर्ण झाला, तेव्हा अजमेरपासून थेट हैदराबादच्या काचीगुड्यापर्यंत छोट्या लाइनने जाता येऊ लागले. इंदूरच्या मराठी कुटुंबांना या जोडमार्गाचे महत्त्व वेगळेच होते. अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा येथील सोयरिकी त्यामुळे सोप्या झाल्या. लेक सासरी गेली तरी एका गाडीने माहेरी येऊ शकत होती.

आज हा मार्ग जवळजवळ उरलेला नाही. अकोला-खंडवा भागातील मीटरगेज गाड्या बंद झाल्या. मेळघाटातील जुना मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने नवा मार्ग त्यास वळसा घालून नेण्याचे ठरले. महू ते ओंकारेश्वर रोड हा शेवटचा तुकडा २०२३ च्या प्रारंभी बंद झाला. पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली वारसा गाडी तेवढी जुन्या रुळांची आठवण राखून आहे. रूळ निघाले, फलक निघाले, लहान स्थानकांच्या इमारती पडू लागल्या. म्हणूनच घराघरांतील या लहानशा छायाचित्रांना आता कागदपत्रांची किंमत आली आहे.

तपासणीची रीत

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण बोलत नाही. तो रडतो, हात झटकतो, पोट आवळून घेतो. बाकी सारे आईच्या सांगण्यावरून आणि स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे लागते. आईचे सांगणे बहुमोल असते, पण ते तपासणीची जागा घेऊ शकत नाही. छायाचित्राबाबतही हेच खरे. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी वहीत तीन रकाने आखले : ‘दिसते ते’, ‘सांगितले ते’ आणि ‘ठरवले ते’. एका रकान्यातील मजकूर दुसऱ्यात जाता कामा नये, हा एकच नियम. तिसऱ्या रकान्यात ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिर्णित’ यांपैकी एक शब्द लिहावयाचाच. आमच्या वहीत अनिर्णितांची संख्या मोठी आहे आणि त्याचा आम्हांस संकोच वाटत नाही.

पहिला प्रश्न गेजचा. रूळ दिसत असतील तर काम सोपे. पण बहुतेक चित्रांत रुळांपुढे माणसे उभी असतात. अशा वेळी डब्याचे टोक पाहावे. ब्रॉडगेजच्या जुन्या डब्याला दोन बाजूंना दोन गोल बफर असतात आणि मधोमध साखळीची जोडणी असते. मीटरगेजच्या डब्याला मध्यभागी एकच बफर असतो आणि जोडणीही तेथेच. एवढ्या एका खुणेवर कितीतरी छायाचित्रांचा निकाल लागतो.

दुसरा प्रश्न काळाचा. इंजिनावर वर्गाची अक्षरे दिसली तर उत्तम. ‘वाय’ म्हणजे मीटरगेज. ‘वायपी’ हे प्रवासी गाडीचे आणि ‘वायजी’ हे मालगाडीचे वाफेचे इंजिन. ‘वायपी’ आपल्याकडे १९४९ नंतरचे. पुढे ते जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यातही बनू लागले. ‘वायडीएम-४’ हे डिझेल इंजिन साठच्या दशकापासूनचे. मात्र उलटा तर्क करू नये. छोट्या लाइनवर वाफेची इंजिने दीर्घकाळ टिकली, त्यामुळे धूर दिसला म्हणून चित्र फार जुने असे म्हणता येत नाही. डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण असेल तर चित्र १९७४ पूर्वीचे, कारण त्या वर्षी तिसरा वर्ग संपला. स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत लिहिली असेल तर ते दशमान पद्धत रुजण्यापूर्वीचे, म्हणजे साधारण १९६० च्या अलीकडे-पलीकडचे, आणि मीटरमध्ये असेल तर त्यानंतरचे. जुना फलक काही वर्षे तसाच राहू शकतो, हे ध्यानात ठेवून येथे ‘संभाव्य’ असेच लिहावे.

तिसरा साक्षीदार म्हणजे खुद्द छायाचित्राचा कागद. कातरलेल्या नागमोडी कडा असतील तर चाळीस ते साठ या दशकांकडे बोट जाते. लहान चौकोनी प्रत असेल तर बहुधा ती आगफा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याची. बडोद्यास तयार होणारा हा कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत सर्रास होता. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रे येत.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. निगेटिव्ह उलटी धरून प्रत काढली गेली असेल तर सारेच चित्र आरशातल्यासारखे होते. क्ष-किरण चित्रावरील ‘डावी’ची खूण न पाहता हृदय उजवीकडे असल्याचे निदान करणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. येथे ती खूण म्हणजे पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा. तो डाव्या छातीवर हवा. नऊवारीचा पदर, घड्याळाचा हात, फलकावरील अक्षरे, हे सारे पडताळूनच पुढे जावे.

तीन घाट

रीत सांगितली, आता तिचा उपयोग कसा झाला ते पाहू. एका सभासदाच्या घरच्या अल्बममध्ये एक सुरेख चित्र होते. दाट झाडी, दगडी पूल, त्यावर गाडी, पुढे बोगद्याचे तोंड. खाली पांढऱ्या शाईने लिहिले होते, ‘खंडाळा’. सारे घर पिढ्यान् पिढ्या त्यास खंडाळाच समजत आले होते. भिंगातून पाहिले तेव्हा शेवटच्या डब्याला मध्यभागी एकच बफर दिसला. बोरघाट पहिल्यापासून ब्रॉडगेजचा. शिवाय १९३० पर्यंत मुंबई-पुणे मार्गावर वीज आली होती, आणि या चित्रात ना खांब ना तारा, पण डबा मात्र नंतरच्या घडणीचा. मग खंडाळा गेला. गाडीच्या शेवटी दुसरे एक इंजिन धूर सोडत होते. आपल्या घाटात चढण चाळीसास एक अशी आहे. इंदूरकडे चढणाऱ्या गाडीला कालाकुंड येथे मागून ढकलण्यासाठी जादा इंजिन लावीत. म्हणजे ही गाडी चढत होती, घराकडे येत होती. ‘पाताळपाणी-कालाकुंड घाट, निश्चित, गाडी इंदूरच्या दिशेने, संभाव्य’ अशी नोंद झाली.

याच्या उलट प्रकारही घडला. दुसऱ्या एका घरातील चित्राखाली ‘पाताळपाणी’ असे लिहिलेले होते. गाडी मीटरगेजचीच, शेजारी भव्य धबधबा. कोणासही शंका येऊ नये असे चित्र. पण पाताळपाण्याचा धबधबा गाडीतून जाताना बाजूला, दरीपलीकडे दिसतो. या चित्रात पूल धबधब्याच्या अगदी पुढून, पाण्याला छेदून गेला होता. मीटरगेज, घाट आणि पुलामागे धबधबा, ही तिन्ही लक्षणे एकत्र जुळतात ती गोव्याच्या वाटेवरील दूधसागरला. कॅसलरॉक ते कुळे हा घाटही नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होता. त्या घरातील काका काही वर्षे हुबळीला नोकरीस होते, ही आठवण हे निदान सांगितल्यानंतर घरच्यांना झाली. आधी झाली असती तर आम्हांस इतका वेळ लागला नसता, पण मग निदानावर इतका विश्वासही बसला नसता.

तिसरा घाट धूलघाटचा, मेळघाटच्या अरण्यातील. तेथे उंची साधण्यासाठी रुळांनी एक पूर्ण वेढा घेतला आहे आणि मार्ग स्वतःच्याच वरून जातो. लोक त्या जागेला ‘चारचा आकडा’ म्हणतात, कारण वरून पाहिले तर तो आपल्या देवनागरी ४ सारखा दिसतो. या वेढ्याची आमच्याकडे दोनच छायाचित्रे आली. दोन्हीत अर्धा भाग कोणाच्या तरी डोक्याने व्यापला आहे. तरीही ती आमच्या संग्रहातील मौल्यवान चित्रे आहेत, कारण त्या जागी आता गाडीतून कोणी पुन्हा छायाचित्र काढील असे वाटत नाही.

दुधाचे दात

रेल्वेच्या खुणांनी दशक ठरते. वर्ष ठरवण्यास आपले शास्त्र उपयोगी पडते. एका चित्रात खंडव्याच्या फलाटावर सारे कुटुंब उभे आहे. होल्डॉल, लोखंडी पेटी, फिरकीचा तांब्या, नऊवारीतील आजी आणि पुढे तोंडभर हसणारी एक मुलगी. चौकोनी प्रत आणि डब्यावरील तिसऱ्या वर्गाची खूण यांवरून काळ साठचे दशक किंवा सत्तरचा प्रारंभ, एवढेच निघत होते. मुलीच्या हसण्यात वरचे मधले दोन्ही दात नाहीत. खालचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, वरचे मधले बहुधा सातव्या वर्षाच्या आसपास, आणि नवे दात लवकरच डोकावू लागतात. आमच्या दंतवैद्य मित्राने आणि मी वेगवेगळे, एकमेकांस न सांगता, कागदावर वय लिहिले. दोघांनीही सात लिहिले.

आता जन्मतारीख हवी. ती मुलगी आज आजी आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जुलै अशी तारीख आहे. आपल्या प्रांतात शाळा जुलैत सुरू होत, आणि वडील मंडळींपैकी अर्ध्यांचा वाढदिवस त्यामुळे १ जुलैला येतो! हेडमास्तरांच्या सोयीची तारीख पुरावा म्हणून घेता येत नाही. पण मराठी घराने एक गोष्ट जपलेली असतेच. पत्रिका निघाली, जन्म १९५९ च्या माघातला, दाखल्यापेक्षा वयाने वर्षभराने मोठा. म्हणजे छायाचित्र १९६६ च्या आगेमागे. बाईंना त्या प्रवासाचे फारसे काही स्मरत नव्हते, मात्र पडलेला दात त्यांनी रुळांवर टाकला होता आणि भावाने त्यावरून महिनाभर चिडवले होते, हे चांगले स्मरत होते. ही माहिती ‘सांगितले ते’ या रकान्यात गेली.

आठवणींचे वय

येथे आठवणींविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या कामात साक्षीदार म्हणून त्याच उभ्या राहतात.

माझे आजोळ अकोल्याचे. सत्तरच्या दशकातील उन्हाळ्याच्या सुट्टीतील प्रवास मला पुष्कळ आठवतात. खिडकीशी बसण्यावरून भांडण, वाऱ्याने उडून डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, आणि आईने पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर घालून डोळ्याला दिलेला शेक. बोगदा आला की सारा डबा ओरडे. तंट्या मामाच्या ठाण्यापाशी गाडी थांबे आणि मोठी माणसे हात जोडत. कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद येई. त्या गावाच्या आणि त्या मिठाईच्या नावांतील सारखेपणा मला बराच काळ एकाच वस्तूची दोन नावे वाटे. नर्मदेचा पूल आला की आजी कमरेच्या पिशवीतून नाणे काढी आणि आम्हां प्रत्येकाच्या हातावर ठेवी. पाण्यात टाकण्यापूर्वी ते क्षणभर आपले असे. परतीच्या प्रवासात वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन समोर दिसे आणि आपण एकाच वेळी आत बसलो आहोत व बाहेरूनही पाहत आहोत, असे वाटे.

परंतु माझा थोरला भाऊ हेच प्रवास निराळे सांगतो. बोगदे किती, यावर आमचे आजही एकमत नाही. तो म्हणतो, नाणे आजी नव्हे, मावशी देई. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली वस्तू नव्हे. दर वेळी ती नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना ऐकलेले, पाहिलेले, वाचलेले त्यात मिसळते. साधारण तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे प्रसंग तर बहुतेकांना मोठेपणी मुळीच आठवत नाहीत. ज्यांना आठवतात असे वाटते, त्यांनी ते बहुधा ऐकलेले किंवा चित्रात पाहिलेले असतात. उलट, दहा ते तीस या वयातील आठवणी वार्धक्यातही सर्वांत ठळक राहतात. या कामात या ज्ञानाचा सरळ उपयोग होतो. १९६५ चे छायाचित्र असेल तर १९४० ते १९५५ च्या दरम्यान जन्मलेल्यांना विचारावे. कालचे जेवण ज्यांना आठवत नाही, असे आजोबा महूच्या लोको शेडचे दार कोणत्या बाजूस उघडत असे हे अचूक सांगतात. आणि विचारताना ‘हे सनावद ना?’ असे विचारू नये. ‘हे कोणते ठिकाण?’ असे विचारावे आणि गप्प बसावे. रुग्णाच्या तोंडी आपले निदान घालू नये, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो आहोत.

एका आईचे छायाचित्र

गेल्या पावसाळ्यात पंचाहत्तरीस टेकलेले एक निवृत्त शिक्षक आले. त्यांनी एकच चित्र आणले होते, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे, मधोमध दुमडल्याची रेघ पडलेले. फलाटावरील बाकावर एक तरुण स्त्री बसली आहे आणि मांडीवर मूल आहे. ते मूल म्हणजे ते स्वतः. त्यांच्या दुसऱ्या वर्षी, १९५३ मध्ये, आई वारली. तिचे दुसरे छायाचित्र नाही. घरात सांगत की हे भुसावळचे, आई माहेराहून परत येतानाचे. ‘एवढे खरे का, ते पाहा,’ म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘मला तो दिवस आठवतो. बांगड्यांचा आवाज आणि इंजिनाची शिटी.’

आम्ही चित्र मोठे करून पाहिले. बाकाच्या मागे फलकाचा शेवटचा भाग होता आणि त्यावर ‘वाह’ ही दोन अक्षरे स्पष्ट होती. भुसावळ नव्हे, बडवाह. पलीकडे उभ्या मालडब्याला मध्यभागी एकच बफर होता, म्हणजे गाडी छोट्या लाइनचीच. मूल आधाराविना ताठ बसले होते, पाय अजून वजन पेलणारे दिसत नव्हते. वय आठ ते दहा महिने. आणि डोके पूर्ण भादरलेले. बडवाहनंतर लगेच नर्मदा लागते. जावळ, असे आमच्यापैकी दोघे एकदमच म्हणाले. त्यांच्या नव्वदीतील एक आत्या हयात आहेत. त्यांना दूरध्वनीवरून काहीही न सुचवता एवढेच विचारले की, बाळाचे जावळ कोठे काढले होते? त्या तत्काळ म्हणाल्या, ‘नर्मदेवर. वहिनीने नवस केला होता. मूल जगू दे म्हणून.’ आधीची दोन मुले गेली होती, हे शिक्षकांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

आठ-दहा महिन्यांच्या मुलाला बांगड्यांचा आवाज आठवत राहत नाही, हे मला ठाऊक होते. लहानपणापासून हजारदा पाहिलेल्या या एका चित्रातूनच ती आठवण घडली असणार. ते त्यांना सांगावे काय? त्यांनी मला स्थळ विचारले होते, आठवणीची परीक्षा घ्यावयास सांगितले नव्हते. मी त्यांना फलक दाखवला, वय कसे काढले ते सांगितले, आत्याबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. वहीत ‘स्थळ बडवाह, निश्चित, प्रसंग जावळ, संभाव्य’ असे तिसऱ्या रकान्यात लिहिले, आणि बांगड्यांचा आवाज व शिटी दुसऱ्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत. तीन रकाने आखल्याचा मला त्या दिवशी सर्वांत अधिक उपयोग झाला. विज्ञानाने आपले काम केले आणि त्यासाठी मुलाकडून त्याची आई हिरावून घ्यावी लागली नाही.

जाण्यापूर्वी त्यांनी पेन्सिल मागितली आणि चित्राच्या पाठीवर आईचे नाव लिहिले. सासरचे लिहिले, मग त्याखाली माहेरचे. माहेरचे नाव त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हते, असे म्हणाले.

विनंती

वाचकहो, आमचा संग्रह अजून लहान आहे आणि वेळ थोडा आहे. ज्यांनी १९६० पूर्वी खंडव्यास गाडी बदलून प्रवास केला, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. दर वर्षी आपल्या श्रद्धांजलीच्या पानावर त्यांतली काही नावे येतात. म्हणून काही गोष्टी आवर्जून सुचवाव्याशा वाटतात.

घरातील डबे, लिफाफे या दिवाळीपूर्वी एकदा उघडावेत. प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे : कोण, कोठे, केव्हा, आणि हे कोणी सांगितले. बॉलपेन वापरू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूस उमटतो. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह करावे. चुकीच्या नावापेक्षा प्रश्नचिन्ह बरे. चिकट पानांच्या अल्बममधून चित्रे ओढून काढू नयेत; अल्बमच आणावा. मोबाइलवर फोटो काढून पाठवणे सोयीचे असले तरी पाठ पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, म्हणून पाठीचाही फोटो काढावा. मूळ प्रत आम्ही ठेवून घेत नाही. संगणकावर तिची नक्कल करून त्याच दिवशी परत देतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातील ज्येष्ठांपुढे ही छायाचित्रे ठेवून तासभर बसावे. नातवंडांनाही बसवावे. तपासणीच्या खोलीत आपण आईला विचारतो, ‘बाळाला कधीपासून होते आहे?’ तेवढ्याच शांतपणे आजीला विचारावे, ‘हे कोण?’ उत्तर येण्यास वेळ लागेल. थांबावे. मग पेन्सिल घ्यावी.